दुखवट्याच्या घरातले यंत्र

आमच्याकडे ज्या घरात मृत्यू होतो, त्या घरात वर्षभर वाळवण करत नाहीत. पापड नाहीत, कुरडया नाहीत आणि शेवया तर नाहीतच. शेवई हा सणाचा पदार्थ. दुखवट्याच्या घराने ती स्वतः करायची नसते, कुणी दिली तर खायची असते. हा नियम मला लहानपणापासून ठाऊक होता, पण पाण्याचा उत्कलनबिंदू ठाऊक असावा तसा, कधी वापरावा न लागलेला. तो वापरण्याची वेळ आली तेव्हा मी रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या मुकुंदवाडीच्या घरात, पुढच्या खोलीत, कर्जाने घेतलेले शेवयांचे नवे यंत्र उभे होते. हंगाम तोंडावर आला होता आणि गावी, पिशोरला, आजोबा वारले होते.

आधी यंत्राविषयी सांगायला हवे. महाशिवरात्रीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आमच्या शहरातल्या बायका घरचा रवा घेऊन यंत्रावर येतात, किलोमागे मजुरी मोजतात आणि वर्षाच्या शेवया डब्यात भरून नेतात. आई कित्येक उन्हाळे मुख्य रस्त्यावरच्या अशाच एका यंत्रावर रोजाने राबली. तिचे काम ओल्या शेवया झेलण्याचे. यंत्राच्या बारीक भोकांच्या चकतीतून उतरणारा शेवयांचा पडदा मधोमध काठीवर घ्यायचा, योग्य लांबीवर तोडायचा आणि ती काठी बांबूच्या घोडीवर टांगायची. ते दिसायला सोपे असते. काठी क्षणभर उशिरा आली तर पडदा स्वतःच्या वजनाने तुटतो, लवकर आली तर गुंता होतो. आईचा हात इतका बसला होता की मालकीण तिला दुसरीकडे जाऊ देत नसे. मजुरीही वाढवत नसे.

"हात माझा, मशीन तिचं," आई म्हणायची. "पैसा मशीनच्या बाजूनं जातो." हे ती तक्रारीच्या नव्हे, हिशेबाच्या सुरात म्हणे.

म्हणून आम्ही दोघी बँकेत गेलो होतो. तिथले अधिकारी सभ्य होते. त्यांनी तारण विचारले. वडील लोडिंग रिक्षा चालवतात, ती आधीच दुसऱ्या कर्जावर. घर भाड्याचे. पिशोरची जमीन आजोबांच्या नावावर आणि तिच्यावर चार भावांची नजर. तारण नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून यंत्र नाही, यंत्र नाही म्हणून तारण नाही. हे वर्तुळ मी कागदावर अचूक काढून दाखवू शकत होते. ते तोडण्याचे ठिकाण मला सापडत नव्हते. ते समोरच्या काकूला सापडले.

काकू आमच्या दारासमोर, गल्लीच्या पलीकडच्या बाजूला राहते. तिचे बौद्ध कुटुंब आमच्याही आधीपासून या गल्लीत आहे. पत्र्याच्या मोठ्या ओसरीवर ती पिको-फॉलचे काम करते. तिचे मशीन एका वित्तसंस्थेच्या गटकर्जातून आलेले. ते कर्ज फेडून तिने दुसरे घेतले होते. तिच्या पाचजणींच्या गटातली एक बाई वाळूजला राहायला गेली आणि एक जागा रिकामी झाली. काकूने ती आईला देऊ केली.

हे कर्ज तारणावर मिळत नाही, जामिनावर मिळते. पाचही जणी एकमेकींना जामीन राहतात. एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या चौघींनी भरायचा. व्याज बँकेपेक्षा जास्त आणि सावकारापेक्षा पुष्कळ कमी. मला ही रचना आवडली, कारण तिच्यात कुणाच्याही चांगुलपणाचे गृहीतक नव्हते. आईला मात्र त्यातला शब्दच पसंत नव्हता.

"जामीन कामून? मी काय चोरी केली का?"

"आगं, चोराला लागतो तो जामीन वेगळा," काकू म्हणाली. "हा आपला. तू पडलीस तर मी उचलायचं, मी पडले तर तू."

"आन् दोघी पडलो तर?"

"तर बाकीच्या तिघी शिव्या देत उचलतील. पण उचलतील."

शिव्या देण्यात जी सर्वांत पुढे असणार होती, ती गटातली मामी. मामी भाजीची गाडी लावते. ती पिशोरकडचीच, वडिलांची दूरच्या नात्यातली मामी, म्हणून आमच्या सगळ्यांचीच मामी. तिची जीभ तिच्या मिरच्यांपेक्षा तिखट आहे, पण गल्लीत तिच्या शब्दाला वजन आहे. कोणत्या गिरणीत दळावे, कुणाच्या लग्नात किती आहेर करावा, हे बायका मामीला विचारून ठरवतात. गटाची बैठक दर मंगळवारी सकाळी काकूच्या ओसरीवर भरे. संस्थेच्या ताई येत, हप्ते घेत. मग काकू चहा आणे. कप मामीसमोर आला की मामी म्हणे, "आत्ताच घेऊन आले." गटात आल्यापासून दर मंगळवारी मामी चहा आत्ताच घेऊन आलेली असे. याचा अर्थ ओसरीवरच्या प्रत्येकीला कळत होता, काकूला सर्वांत जास्त. तरी काकू दर मंगळवारी तिचा कप भरत असे आणि पुन्हा पातेल्यात ओतत असे.

यंत्र संक्रांतीनंतर आले. वडिलांनी नारळ फोडला. आईने पहिला घाणा घरच्या रव्याचा काढला, आणि इतकी वर्षे दुसऱ्याच्या यंत्राखाली धरलेली काठी तिने स्वतःच्या यंत्राखाली धरली. पडदा नीट उतरला का, एवढेच तिने पाहिले. हप्त्याचे गणित आम्ही दोघींनी मांडले होते. हंगामाचे दोन महिने यंत्र पूर्ण चालले तर वर्षभराच्या हप्त्यांची तजवीज होणार होती आणि माझ्या पुढच्या शिक्षणासाठीही काही उरणार होते. गणित बरोबर होते. त्यात फक्त पिशोरहून येणारा फोन धरलेला नव्हता.

आम्ही तेराव्यापर्यंत गावी राहिलो. परतलो तेव्हा वडिलांचे मुंडण झालेले होते आणि गाठीचे पैसे दिवसकार्यात संपले होते. दुसऱ्याच दिवशी एक ओळखीची बाई रव्याचा डबा घेऊन आमच्या दारात आली. तिने वडिलांच्या डोक्याकडे पाहिले, आईशी दोन हळवे शब्द बोलली आणि डबा पदराखाली घेऊन परत गेली. दुपारी आणखी एक आली, तीही गेली. वाईट कुणीच वागले नाही, आणि म्हणूनच कुणाशी भांडताही येत नव्हते.

मी आईशी वाद घातला.

"यंत्राला सुतक नसतं, आई."

"यंत्राला नसंल. घराला असतं. आन् यंत्र घरात हाये."

"मग हप्त्याला?"

"हप्त्याला काईच नसतं बाई. ना सुतक, ना सण."

तिच्या वाक्यांत मला एकही फट सापडली नाही. शिवाय तिची स्वतःची श्रद्धा होती. दुखवट्याच्या घरात काठीवर शेवई टांगणे हे आजोबांना उणे बोलण्यासारखे आहे, असे तिला मनापासून वाटत होते. मी तिला पटवू शकले असते तरी गिऱ्हाइकांना कसे पटवणार होते?

त्या मंगळवारी बैठकीत तिने परिस्थिती जशी होती तशी मांडली. हप्ता त्या दिवशी कसाबसा भरला होता. पुढचा कठीण होता. संस्थेच्या ताई निघून गेल्या होत्या. बांगड्या विकणारी आणि खानावळ चालवणारी, गटातल्या उरलेल्या दोघी, जमिनीकडे पाहत बसल्या.

"यंत्र घरात हाये म्हणून अडलंय ना?" काकूने विचारले. "मंग यंत्र घरातनं काढा. आणा माझ्या ओसरीवर. आमच्यात सुतक-बितक नसतं. दीक्षा घेतली तवाच आमच्या आज्यानं ते सोडलं."

आईने मान वर केली. मला तिच्या डोक्यात चाललेले दिसत होते. तेरावे झाले होते, म्हणजे तिला बाहेर राबायला हरकत नव्हती. दुखवटा घराला बांधतो, मजुरीला जाणाऱ्या हाताला बांधत नाही. गरिबाला ही सूट रूढीनेच दिलेली आहे, नाहीतर रूढी कधीच मोडली असती.

"दुसऱ्याच्या दारात राबायला दुखवटा नसतो," आई सावकाश म्हणाली.

"ते खरं," मामी म्हणाली. "पन इथं शेवया करायला कोन येनार गं?"

"का? इथं काय हाये?" काकूने विचारले.

"मी कुठं काय म्हन्ले? बायांचं म्हनते मी. वर्साच्या शेवया असत्यात. देवाला जात्यात, लेकीबाळींना जात्यात."

"दर मंगळवारी येताव की सगळ्या इथं."

"ते हप्त्याला."

"हप्त्याचे पैसे देवाला चालतात का मंग?"

बांगडीवाली फिसकन हसली आणि मामीने तिच्याकडे असे पाहिले की तिने लगेच बांगड्यांची पेटी आवरायला घेतली. गटाने काहीच ठरवले नाही. ठरवले आईने. दुपारी वडिलांनी यंत्र रिक्षात चढवले. गल्ली ओलांडण्यापुरतेच यंत्र रिक्षात बसले आणि समोर उतरले. किलोमागे ठरावीक वाटा काकूला आणि विजेचे बिल आमचे, असे मी बोलून घेतले. काकू म्हणाली, "वाटा कशाला?" मी म्हणाले, "धंदा आहे म्हणून." तिला ते आवडले असावे. तिने पुन्हा विचारले नाही.

मग ओसरीवर यंत्र, काठ्या, घोड्या, सगळे लागले आणि कुणीही आले नाही.

बायका गल्लीतून जात, हातात डबा असे, आणि ओसरीसमोर आल्यावर त्यांना पलीकडच्या भिंतीवर काहीतरी पाहण्यासारखे सापडे. त्या मुख्य रस्त्यावरच्या यंत्रावर जात, जिथे मजुरी जास्त होती आणि रांगही मोठी. मी रंगवलेला फलक लावला, आसपासच्या वस्त्यांतल्या बायकांच्या मोबाइल गटांवर दर आणि पत्ता पाठवला. आई रोज सकाळी यंत्र पुसून बसे. काकू पिकोचे काम करत राही. रिकाम्या यंत्राशेजारी चालू यंत्राचा आवाज फार मोठा वाटतो.

पहिले गिऱ्हाईक आले ते रेल्वे स्टेशनाच्या मागच्या मोहल्ल्यातून. रमजान चालू होता. एक खाला दोन मोठे डबे घेऊन आल्या आणि ओसरीच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी आमच्या बंद दाराकडे बोट केले.

"मशीन तो उस घर में थी बोले. इधर काइकू आई?"

"सासरे गेले आमचे," आई म्हणाली. "सालभर का दुखवटा है."

"सालभर!" खालांनी डबे खाली ठेवले. "हमारे में तीन दिन का सोग. फिर काम पे. ईद रुकती क्या?" मग त्यांनी चकतीची भोके निरखली. "बारीक होना हमको. एकदम बालां सरीखी. मोटी नक्को."

एकाच परिसरात शोकाच्या किती वेगवेगळ्या मुदती होत्या! कर्जाला मात्र सगळीकडे एकच मुदत. खालांच्या शेवया खरोखरच केसांसारख्या उतरल्या, आणि त्यांच्यामागून त्यांच्या नणंदा, जावा, शेजारणी आल्या. ईदपर्यंत यंत्र चालले. त्या मंगळवारचा आणि त्यापुढच्या मंगळवारचा हप्ता आईने शेवयांच्या पैशातून भरला. ताईंच्या हातात नोटा देताना तिने त्या दोनदा सरळ केल्या.

पण ईद झाली आणि ओसरी पुन्हा रिकामी झाली. मोठा हंगाम तर आता सुरू होत होता. आमच्या गल्लीचा, पलीकडच्या कॉलन्यांचा, लेकींना डबे पाठवणाऱ्या घरांचा. तो मुख्य रस्त्याने चालला होता. पुढच्या मंगळवारी आईकडे हप्त्याचा काही भागच जमला. नियम स्पष्ट होता. ताई वाट पाहत बसल्या. उरलेल्या चौघींनी थोडे थोडे घातले. मामीने कमरेची पिशवी सोडली, पैसे काढले आणि ताई गेल्याबरोबर तोंड सोडले.

"आता हिचा हप्ता मी भरू? माझी भेंडी काय सोन्याची हाये? दर मंगळवारी असंच चालनार असंल तर सांगा, मी गाडी इकून टाकते!"

माझ्या ओठांवर उत्तर होते, पण काकूने माझ्या आधी बोलायला सुरुवात केली, आणि हात शिवणातून न काढता.

"भरू नको मंग. रवा आण."

"कोन, मी?"

"तूच. तू आणलास तर गल्ली आणंल. नाय आणलास तर हप्ता भर. दोन्ही तुझ्याच हातात हाये. जामीन ऱ्हायलीस ना?"

मामी उठली, पदर झटकला आणि निघून गेली. आई म्हणाली, "कशाला बोललीस? ती काय येती आता." काकू म्हणाली, "तिला भाव कळतो." माझा अंदाज काकूच्या बाजूचा होता, पण खात्री नव्हती. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती आणि दुसऱ्या बाजूला दर आठवड्याचा चौथा हिस्सा. कोणते बल जास्त, हे कोणत्याही सूत्रात लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आली. डोक्यावर रव्याचा डबा, आणि हातात प्लास्टिकचा कॅन.

"हे काय?" आईने विचारले.

"पानी. माझं घरचं. माझा रवा माझ्याच पान्यात मळायचा."

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे विचारू नये. त्या आठवड्यात ते आलेच नव्हते. गल्लीत टँकर आला होता, आणि मामीचा ड्रम व काकूचा ड्रम एकाच पाइपने, एकामागून एक भरताना मी स्वतः पाहिले होते. पाइप धरून उभी होती ती मामीच.

"मळू की," काकू म्हणाली. "टँकरवाल्याला सांगितलं होतंस ना, तुझं वेगळं भर म्हणून?"

आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला. मामी काहीही न ऐकल्यासारखी घमेल्याशी बसली.

मळणे माझ्याकडे होते. गव्हात जी प्रथिने असतात ती पाणी मिळाले की एकमेकांना धरतात आणि त्यांची जाळी होते. शेवई लांब उतरते ती या जाळीमुळे. पाणी कमी पडले तर जाळी होत नाही, पीठ नुसते एका जागी बसलेले राहते. मामीचा रवा नुकताच काढलेला, उन्हाने कोरडा झालेला होता, आणि कॅन लहान. मी शेवटचा थेंब झटकला तरी पीठ भुरभुरीत होते. आईने तरीही एक गोळा यंत्रात घातला. मोटर कण्हली. चकतीतून पडदा उतरण्याऐवजी बोटभर लांबीचे तुकडे पडू लागले. आईने बटण बंद केले.

"पानी कमी हाये, मामी."

"थांब, घरून आनते."

"तवर पीठ वाळंल. आत्ताच वाळत चाललंय."

ते खरे होते. पत्र्याखाली ऊन तापू लागले होते आणि घमेल्यातल्या पिठावर पापुद्रा धरत होता. वर्षभराचा रवा होता. मामीची गाडी तिकडे चौकात भाजीसकट उभी होती. काकूचा निळा ड्रम ओसरीच्या कोपऱ्यात होता, त्यावर झाकण, झाकणावर स्टीलचा तांब्या. ओसरीवरच्या कुणीही त्याच्याकडे पाहिले नाही, आणि कुणी पाहत नाही हे प्रत्येकीला कळत होते. काकू पिकोच्या मशीनवर खाली मान घालून साडीचा काठ सरकवत होती. गल्लीत दोन बायका डबे घेऊन थांबल्या होत्या. त्या मामीला पाहूनच थांबल्या होत्या.

मामीने पिठात बोट खुपसले. ते चुरा होऊन बोटावरून गळले.

"घाल गं बाई," ती मला म्हणाली. "पान्यावर काय नाव लिव्हलंय का कुनाचं!"

"तेच म्हणत होते मी," काकू म्हणाली. मान वर न करता.

मी ड्रममधून तांब्या भरला आणि पाणी थोडे थोडे शिंपडत गेले. पीठ हळूहळू हाताला धरू लागले. थोडा वेळ ओल्या फडक्याखाली ठेवले. आईने पुन्हा बटण दाबले, आणि या वेळी चकतीतून पडदा सलग, झुलत, न तुटता खाली आला. आईची काठी नेमक्या क्षणी त्याखाली गेली. मामी घमेल्याशेजारून उठली आणि घोडीपाशी जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी मामी गाडीवर उशिरा गेली. घोड्या आम्ही गल्लीच्या उन्हात मांडल्या आणि ती शेळ्या हाकलायला काठी घेऊन शेवयांजवळ बसली. येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारी, आणि मामी प्रत्येकीला सांगे, "माझ्या हायेत. बघा की कशा उतरल्यात. त्या मेन रोडवालीच्या अशा निघत्यात का? आन् वर पैसे घेती जास्तीचे." पाण्याविषयी कुणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. थांबलेल्या दोघी बायकांचे डबे दुपारच्या आत ओसरीवर आले. आठवड्याभरात रांग लागली. काही घरे शेवटपर्यंत आली नाहीत. त्यांच्याविषयी मी अधिक काही लिहिणार नाही, कारण आली ती पुरेशी होती. मामीने पुढच्या मंगळवारी आईकडून आपला भरलेला हिस्सा मोजून परत घेतला आणि म्हणाली, "सुटे नव्हते का?"

मला पुष्कळदा विचारतात, विशेषतः महाविद्यालयातले मित्रमैत्रिणी, की अशा छोट्या कर्जांनी खरेच काही बदलते का. मी सरसकट हो म्हणत नाही. दर आठवड्याचा हप्ता हंगामी धंद्याला नीट बसत नाही. आम्ही पुढे हंगामातच वर्षाचा राखीव साठा वेगळा काढायला शिकलो, पण ज्यांना तो काढता येत नाही त्यांच्यासाठी तोच हप्ता फास होतो, हेही मी पाहिलेले आहे. पण आमच्या वर्तुळाला जे एक छिद्र हवे होते, ते त्या कर्जाने पाडले. आईचा हात आणि यंत्र, दोन्ही प्रथमच एका बाजूला आले. आणि मामीला ओसरीची पायरी चढायला लावले ते कुणाच्या उपदेशाने नव्हे. तिचे मन बदलले, असे मी म्हणणार नाही, मला ते ठाऊक नाही. ती जामीन होती आणि तिला भाव कळत होता, इतके मला ठाऊक आहे. मन बदलण्याची वाट पाहिली असती तर हंगाम केव्हाच गेला असता.

त्या वर्षी दुखवट्याच्या आमच्या घरात डबा भरलेला होता. खालांनी ईदेनंतर आणून दिलेल्या शेवया, काकूने दिलेल्या, मामीने दिलेल्या. रूढीप्रमाणे आम्ही एकही केली नव्हती, सगळ्या दिलेल्याच होत्या. उतरल्या होत्या मात्र सगळ्या आईच्याच हातून.

आजोबांचे वर्षश्राद्ध झाले. पहिले कर्ज फिटले. पुढचा हंगाम जवळ आला तेव्हा आईने दुसऱ्या, मोठ्या कर्जाची मागणी केली, पीठ मळणाऱ्या यंत्रासाठी. मी तोवर शेंद्र्याच्या एका कारखान्यात, अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले होते आणि पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत होते. सुटीच्या दिवसांत मी शेवया सावलीत वाळवणाऱ्या कपाटाचा आराखडा काढत असे. एकदा परवाना घेऊन आमची शेवई पाकिटात भरून विकायची, हे मी ठरवलेले आहे. कर्जाचा अर्ज भरायच्या मंगळवारी मी मुद्दाम रजा घेतली होती.

ओसरीवर सगळ्या जमल्या. संस्थेच्या ताईंनी विचारले, "धंद्याचा पत्ता काय लिहू? आता घरीच नेणार ना मशीन? वर्ष झालं की."

आईने समोर आमच्या दाराकडे पाहिले. दार उघडे होते, पुढची खोली मोकळी होती, आणि यंत्र परत नेण्याच्या आड आता काहीच नव्हते. वडिलांनी सकाळीच विचारले होते, रिक्षा लावू का. काकू तिच्या मशीनवर होती आणि तिची सुई थांबली होती.

"न्हाय," आई म्हणाली. "इथंच. इथं ऊन चांगलं येतं."

ताईंनी लिहून घेतले. काकूची सुई पुन्हा सुरू झाली.

"सगळं लिव्हा ताई," मामी म्हणाली. "पानी कुनाचं ते बी लिव्हा. मागून भांडनं नकोत."

"टँकरचं लिहा," काकू म्हणाली, आणि सगळ्याच हसल्या, ताई का हसायचे ते न कळता हसल्या.

मग चहा आला. मामी म्हणाली, "आत्ताच घेऊन आले." काकूने तिचा कप तिच्यासमोर ठेवला तो ठेवलाच, या वेळी पुन्हा पातेल्यात ओतला नाही. कपातून वाफ निघत होती. त्याचे पुढे काय झाले ते मी पाहिले नाही. पायरीवर डबे घेऊन तीन बायका उभ्या होत्या, रवा मळायचा होता, आणि मी तांब्या घेऊन ड्रमकडे निघाले होते.